एका नळ्यातून अनेक गोळ्या : छर्ऱ्यापासून श्रॅप्नेलपर्यंत

(मोत्साए शब्बाथच्या मेळाव्यात सिनेगॉगच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा, ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलेला मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय दाराजवळच्या फळ्यावर वाचून काहींच्या भुवया वर गेल्या, हे मी पाहिले. तोफा आणि छर्रे हा सिनेगॉगमध्ये, तोही शब्बाथ नुकताच संपलेला असताना, बोलण्याचा विषय आहे काय? कदाचित नसेलही. परंतु या सभागृहात बसलेल्या किती जणांच्या अंगात लोखंडाचा एखादा तुकडा वस्तीला आहे, हे आपण सारे जाणतो. ज्या पाहुण्याला इतकी वर्षे घरात ठेवून घेतले, त्याचे कूळ विचारण्यात गैर काय?

गेल्या हिवाळ्यात माझ्या खांद्याची एक तपासणी व्हायची होती. त्या यंत्रात शिरण्यापूर्वी एक छापील फॉर्म भरावा लागतो. त्यात एक प्रश्न होता : तुमच्या शरीरात धातूचे 'रसीस' आहे काय? मी 'होय' या चौकटीत खूण केली. सोबत आलेला माझा अकरा वर्षांचा नातू खांद्यावरून डोकावून वाचत होता. तो म्हणाला, "सबा, रसीस म्हणजेच श्रॅप्नेल ना? आमच्या इंग्रजीच्या बाई म्हणाल्या की श्रॅप्नेल हे एका माणसाचे नाव होते. तो माणूस तुझ्या खांद्यात कसा गेला?"

मी हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र तिथून हलला नाही.

मी इतिहासकार नाही. १९६४ साली पंधराव्या वर्षी मुंबईहून आईवडिलांबरोबर या देशात आलो आणि पुढे सारे आयुष्य लेथवर काढले. १९७३च्या लढाईत मी राखीव तोफखान्यात होतो. गोळ्याच्या टोकाशी असलेल्या फ्यूजची कडी चावीने फिरवून सांगितलेला आकडा लावणे, एवढेच माझे काम होते. तो आकडा म्हणजे सेकंद. इतक्या सेकंदांनी गोळा फुटावा, असा त्याचा अर्थ. त्या कडीचा इतिहास शोधता शोधता मी आज सांगणार आहे त्या गोष्टींपाशी पोहोचलो.

मूळ अडचण अगदी साधी आहे. तोफेचा एकच मोठा गोळा तटाची भिंत पाडण्यास उत्तम. परंतु समोर भिंत नसून माणसांची गर्दी असेल, तर तो गोळा ज्या रेषेतून जाईल त्या रेषेतील माणसे पडतात आणि दोन हात बाजूला उभा असलेला माणूस सुखरूप राहतो. तेव्हा एका दारूने एकाऐवजी अनेक गोळ्या का फेकू नयेत, हा विचार तोफेच्या जन्मापासूनच तोफेबरोबर आहे. किंबहुना तो तोफेहूनही जुना आहे असे म्हणता येईल. चीनमधील सुंग राजवटीच्या इतिहासात १२५९ सालची एक नोंद आहे. जाड बांबूच्या नळीत दारू भरून तिच्यात गोळ्यांचे 'घरटे' बसवीत. आधी ज्वाळा निघे, ती संपताच ते घरटे बाहेर फेकले जाई आणि त्याचा आवाज दीडशे पावलांवर ऐकू येई. त्याच देशात आग ओकणाऱ्या भाल्यांच्या नळ्यांत लोखंडाचे कीस आणि चिनी मातीच्या भांड्यांच्या ठिकऱ्याही भरीत. घरटे हा शब्द मला फार आवडला. पुढील सहाशे वर्षांत या विद्येत जे काही झाले ते त्या घरट्याला अधिकाधिक दूर नेऊन मग मोडणे, एवढेच होते.

१४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपलला वेढा घातला. त्या वेढ्याचा विषय निघाला की सुलतानाच्या महाकाय तोफेचे वर्णन होते. तटाच्या आत असलेल्यांचे हत्यार कोणी आठवत नाही. दुकास नावाच्या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की तटावरचे लोक अक्रोडाएवढ्या शिशाच्या गोळ्या एका वेळी पाच-पाच, दहा-दहा अशा उडवीत, आणि ती गोळी ढाल व चिलखत भेदून एका माणसातून पलीकडच्या माणसात शिरे. शहर पडले ते पडलेच. पण तटबंदीवरच्या मूठभर माणसांना अशी फैर किती मोलाची वाटली असेल, हे मोजक्या माणसांनिशी मोर्चा राखलेल्या कोणालाही समजेल.

आपल्या मुलखातील एक गोष्ट याच मालिकेत बसते. १५६५च्या जानेवारीत विजयनगरच्या सैन्याशी दख्खनच्या सुलतानांची लढाई झाली, तिला आपण तालिकोटची लढाई म्हणतो. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाचा तोफखाना चलबी रूमीखानाच्या हाती होता. फिरिश्ता सांगतो की शत्रू अगदी जवळ येताच रूमीखानाने तोफांत तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या ठासल्या आणि त्या समोरच्या गर्दीवर सोडल्या. नाणी! लोखंडाचे तुकडे संपले होते की तांबेच हाताशी होते, कोण जाणे. बिजापूरच्या बुरुजावर असलेली मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली, आणि ती नाणी याच तोफेतून सुटली असे तिथे सांगतात. तिचे वजन सुमारे ५५ टन आहे. लोखंड उचलण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला ती कृष्णेपर्यंत ओढत नेली असेल हे पटायला जड जाते. नाण्यांची गोष्ट मात्र मला खरी वाटते, कारण निकडीच्या वेळी माणूस हेच करील. त्या काळी चौल बंदर निजामशाहीत होते. म्हणजे आपल्या पूर्वजांचे तेलाचे घाणे ज्याच्या अमलाखाली फिरत होते, त्याच राजाची ती नाणी.

इंग्रजांच्या हातीही हे हत्यार लवकरच आले. मेरी रोझ नावाचे त्यांचे लढाऊ जहाज १५४५ साली बुडाले आणि १९८२ साली समुद्राच्या तळातून वर काढण्यात आले. त्यात गारांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काही आखूड लोखंडी तोफा सापडल्या. कठड्यावर टेकवून त्या शत्रूच्या जहाजावरील माणसांवर झाडायच्या. त्यांचे वैशिष्ट्य असे की त्यांचे भोक गोल नसून लांबट चौकोनी आहे, आणि त्यातून उडवायचे ते लोखंडाचे तुकडे सोंगट्यांच्या फाशांसारखे चौकोनी. गोल भोक नीट पाडता पाडता ज्याचे केस पिकले, त्याने चौकोनी भोकाची तोफ पाहून काय म्हणावे? पण विचार केला तर त्यात शहाणपण आहे. भोक रुंद असले की तुकडे आडवे पसरतात, आणि जहाजाच्या फळीवर माणसे आडव्या ओळीतच उभी असतात. त्याच जहाजावर लाकडी कंदिलासारखे डबेही मिळाले. त्यांत गारगोटीच्या धारदार कपच्या भरलेल्या होत्या.

अनेक नळ्या एका गाड्यावर शेजारी-शेजारी बांधून त्या एकदम डागण्याची युक्तीही युरोपात होती. अकबर बादशहाने सतरा नळ्या एकाच बत्तीने उडतील अशा जोडल्याचे ऐन-ए-अकबरीत आहे. तो निराळा रस्ता होता. त्यात मी शिरत नाही.

अठराव्या शतकापर्यंत या साऱ्या भंगाराला शिस्त आली. दोन प्रकार रूढ झाले. एक म्हणजे लाकडी तबकडीवर मधोमध खुंटी, तिच्याभोवती लोखंडी गोळ्यांचे थर, वरून किंतानाची पिशवी आणि दोरीची घट्ट वीण. दिसायला द्राक्षांचा घोस, म्हणून इंग्रजीत ग्रेपशॉट. दुसरा म्हणजे पत्र्याचा डबा. त्यात बंदुकीच्या किंवा त्याहून थोड्या मोठ्या गोळ्या भरीत. तोफ सुटली की डबा तोंडाशीच फाटतो आणि गोळ्या पंख्यासारख्या पसरतात. लोणच्याच्या बरणीत फोडी जशा दाबून बसवतात तशा त्या बसवाव्या लागत, नाहीतर डबा नळ्यातच वाकडा होई.

परंतु या डब्याला एक मर्यादा होती, आणि माझी आजची सारी कथा त्या मर्यादेवर उभी आहे. मूठभर तांदूळ जोराने भिरकावून पाहावेत. ते चार हातांवर जाऊन पडतात. तेवढ्याच वजनाचा एक दगड अंगण ओलांडून जातो. लहान गोळीला तिच्या वजनाच्या मानाने हवेचा विरोध अधिक सोसावा लागतो, म्हणून तिचा वेग पाहता पाहता मरतो, आणि जो उरतो तो पसरण्यात विरून जातो. डब्याचा खरा पल्ला सुमारे ३०० यार्ड. त्यापलीकडे त्याचा प्रभाव झपाट्याने ओसरतो. म्हणजे तोफखान्याने शत्रूची वाट पाहात उभे राहायचे, आणि तो तोंडाशी आला की डबा ठासायचा.

तोंडाशी येणे म्हणजे काय असते, ते असईला दिसले. २३ सप्टेंबर १८०३. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, आजच्या जालना जिल्ह्यात, शिंद्यांचे कवायती कंपू सुमारे शंभर तोफा मांडून उभे होते. समोर जनरल वेलस्ली. त्याच्या उजव्या बगलेची तुकडी वाट चुकून असई गावाकडे झुकली, तिच्यामागे ७४वी हायलँडर पलटण गेली, आणि गावाजवळच्या तोफांनी त्यांच्यावर छर्ऱ्यांचे डबे रिकामे केले. पाचशेच्या आसपास असलेल्या त्या पलटणीतील सुमारे ४०० माणसे ठार वा जखमी झाली. दुसऱ्या बाजूला तोफा हाती आल्या असे समजून इंग्रज पुढे सरकले, तेव्हा मेल्यासारखे पडून राहिलेले मराठी फौजेचे गोलंदाज उठले, तोफा वळवल्या आणि त्यांच्या पाठीवर पुन्हा छर्रा सोडला. लढाई वेलस्लीने जिंकली. त्याची हानी सुमारे १६०० माणसांची होती. त्या दिवशीच्या देशी पायदळ पलटणी मद्रासच्या होत्या, मुंबईच्या नव्हत्या. तेव्हा आपला कोणी तिथे होता असे मी म्हणणार नाही. आपल्या समाजात अशी विधाने फार सहज केली जातात. पण त्या गोलंदाजांविषयी मला आदर वाटतो, आणि तो मी लपवीत नाही. सुभेदारांच्या नावाच्या याद्या राहतात. तोफेवरची माणसे मात्र बेनावाची राहतात.

आता दूर पल्ल्यावर छर्रा कसा न्यावा? इथे जिब्राल्टर येते. १७७९ ते १७८३ या काळात स्पॅनिश व फ्रेंच फौजांनी ते ठाणे वेढले होते. खालच्या वाळूत शत्रूचे मजूर खंदक खणीत, आणि गोळा वाळूत रुतून फुकट जाई. मर्सियर नावाच्या एका पायदळी कॅप्टनने सुचवले की उखळी तोफेचे लहान कुलपी गोळे २४ पौंडी लांब तोफेतून उडवावेत, आणि पलिता इतका आखूड कापावा की गोळा जमिनीवर पडण्याआधी, मजुरांच्या डोक्यावर, हवेतच फुटेल. तसे केले आणि ते साधले. पलिता म्हणजे लाकडाची पोकळ खुंटी, आत मंद जळणारी दारू. तोफ सुटताना गोळा व नळा यांमधल्या फटीतून जी ज्वाळा पुढे धावते, तिनेच तो पेटतो. जितकी खुंटी कापावी तितका वेळ कमी. फ्यूजच्या कडीवर मी जो आकडा लावीत असे, तो याच कापलेल्या खुंटीचा नातू.

वेढा संपल्यावर काही वर्षांनी त्याच कड्यावर एक तरुण तोफखाना अधिकारी नेमणुकीवर होता. हेन्री श्रॅप्नेल. जन्म १७६१, इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन गावचा. १७८४ पासून पदरचे पैसे घालून तो एक गोष्ट घडवीत होता. १७८७ साली त्याने जिब्राल्टरच्या उंचावरून ८ इंची उखळी तोफेने समुद्रावर एक गोळा सोडला, ज्याच्या पोटात सुमारे २०० बंदुकीच्या गोळ्या होत्या. पाण्यावर उडणारे तुषार म्हणजे हिशोबाची वहीच. कोणती गोळी कुठे गेली ते दिसते.

त्याचे खरे शहाणपण कशात होते, ते नीट समजून घ्यावे, कारण तिथेच माझ्या नातवाच्या प्रश्नाचे उत्तर आहे. साध्या कुलपी गोळ्याची भिंत जाड असते आणि पोटात भरपूर दारू असते. तो फुटला की भिंतीच्याच ठिकऱ्या चहूकडे उडतात. श्रॅप्नेलने उलट केले. भिंत पातळ, आत गोळ्या, आणि दारू अगदी थोडी, कवच उघडण्यापुरतीच. मग गोळ्यांना जोर कोण देतो? कोणी नाही. तो त्यांच्याजवळ आधीच असतो. गोळा ज्या वेगाने धावत आहे त्याच वेगाने त्याच्या पोटातील गोळ्याही धावत असतात. दार उघडले की त्या तशाच पुढे जातात. छर्ऱ्याचा डबा जो तोफेच्या तोंडाशी फाटे, तो त्याने शत्रूच्या तोंडाशी फाडला. त्याने स्वतः त्याला 'गोल डबा' अशा अर्थाचेच नाव दिले होते.

ब्रिटिश सैन्याने तो १८०३ साली स्वीकारला, म्हणजे असईच्याच वर्षी. १८०४ साली सुरीनाममध्ये डचांच्या एका किल्ल्यावर तो प्रथम वापरला गेला. आणि २१ ऑगस्ट १८०८ रोजी पोर्तुगालमध्ये विमेइरो येथे तो फ्रेंचांच्या रांगांवर फुटला, तेव्हा इंग्रज फौजेचा सेनापती कोण होता? तोच वेलस्ली, ज्याने पाच वर्षांपूर्वी असईला आपली पलटण छर्ऱ्याखाली पडताना पाहिली होती. त्याने या गोळ्याची प्रशंसा केली. तरीही तो भाबडा नव्हता. १८१०च्या बुसाकूच्या लढाईनंतर सिमों नावाचा एक जखमी फ्रेंच सेनानी त्याने पाहिला. त्याच्या चेहऱ्यात श्रॅप्नेलच्या गोळ्या होत्या, पण बदकांच्या शिकारीत चुकून लागलेल्या छर्ऱ्यासारख्या त्या सहज उपटून काढता आल्या. गोळ्या फार हलक्या आहेत, अशी त्याची तक्रार होती.

दुसरा दोष याहून वाईट होता. दारू व गोळ्या एकाच पोटात कालवलेल्या असल्याने तोफ सुटताना घर्षणाने गोळा कधी कधी नळ्यातच किंवा तोंडाशीच फुटे. हा दोष श्रॅप्नेलच्या हयातीत गेला नाही. १८५०च्या दशकात बॉक्सर नावाच्या अधिकाऱ्याने आत लोखंडी पडदा घालून दारू व गोळ्या वेगळ्या केल्या. मधल्या जवळजवळ पन्नास वर्षांत तोफेपाशी उभ्या असलेल्या आपल्याच माणसांवर काय बेतले असेल, याचा उल्लेख कौतुकाच्या लेखांत क्वचितच असतो.

श्रॅप्नेलला १८१४ साली वर्षाला १२०० पौंडांचे निवृत्तिवेतन मिळाले. त्याने खर्च आणि अपेक्षा याहून अधिक केल्या होत्या, आणि तो असमाधानीच राहिला. १८४२ साली तो वारला. गोळ्याला त्याचे नाव सरकारी दप्तरात लागले ते त्यानंतर दहा वर्षांनी, १८५२ साली.

पुढचा प्रवास मी भराभर सांगतो. गोळा गोलाचा लांबट झाला, दारू तळाशी गेली, गोळ्या बंदुकीच्या फैरीसारख्या पुढे उडू लागल्या. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिशांच्या १८ पौंडी तोफेच्या श्रॅप्नेल गोळ्यात सुमारे ३७५ गोळ्या असत. उघड्या मैदानातील माणसांवर त्याचा प्रभाव भयंकर होता. पण माणसे खंदकात उतरली आणि तो निकामी ठरू लागला. त्याची जागा उच्च स्फोटक भरलेल्या गोळ्याने घेतली, ज्याचे पोलादी कवचच फुटून ठिकऱ्या होते. श्रॅप्नेलचा गोळा गेला. नाव मात्र या नव्या ठिकऱ्यांना चिकटून राहिले, म्हणजे त्याने जे मुद्दाम टाळले होते नेमके त्यालाच!

आपल्या हिब्रू शब्दाचा प्रवास त्याहून विलक्षण आहे. आमोस संदेष्ट्याच्या ग्रंथात मोठ्या घराच्या चिरफळ्यांसाठी 'रसीसीम' हा शब्द येतो, आणि गीतरत्नात तोच शब्द रात्रीच्या दवाच्या थेंबांसाठी येतो. फॉर्म छापणाऱ्याच्या मनात दव नसणार.

माझा तुकडा सिनाईत, कालव्याच्या अलीकडे, मला मिळाला. तो काढण्यापेक्षा राहू देणे बरे, असे तेव्हाच्या शल्यवैद्याने ठरवले. एक्स-रेमध्ये तो स्पष्ट दिसतो. एका बाजूला वाकडा सुळका, दुसऱ्या बाजूला फाटलेली कड. गोल नाही. लेथवरच्या माणसाला एवढे कळते की हे कवचाचे पोलाद आहे, पोटातील गोळी नव्हे. तेव्हा फॉर्मवर मी जी खूण केली ती बरोबर होती, पण नातवाला द्यायचे उत्तर असे की तो माणूस माझ्या खांद्यात नाही. आजवर ज्याला आपण सारे त्याच्या नावाने हाक मारतो, तो दुसराच कोणी आहे.

तपासणी अर्थात झाली नाही. फॉर्म वाचून तिथल्या मुलीने मान हलवली, आणि दुसऱ्या प्रकारच्या तपासणीसाठी पुढची तारीख दिली. बसच्या थांब्यावर उभे असताना मी नातवाला हे सारे सांगितले : घरटे, नाणी, डबा, कापलेली खुंटी, कडीवरचे आकडे. त्याने लक्ष देऊन ऐकले. मग विचारले, "सबा, आणि तू जे आकडे लावलेस, ते गोळे कुठे फुटले?"

तेवढ्यात बस आली. घरी गेल्यावर सांगतो, असे मी त्याला म्हटले. अद्याप सांगितलेले नाही.

एक्स-रेची जुनी फिल्म मी सोबत आणली आहे. चहाच्या वेळी ज्यांना पाहायची असेल त्यांनी ती खिडकीच्या बाजूच्या दिव्याशी धरून पाहावी, छताचा दिवा मंद आहे.